म्हशीच्या शिंगांमधली कोरी पट्टी

माझा नवरा एका गुरुवारी गेला. शिरूरच्या दुकानात तो प्रिंटर उघडून बसला होता. तिथेच छातीत कळ आली.

दूध संकलन केंद्रांना काटे आणि पावतीचे छोटे प्रिंटर बसवून द्यायचं काम तो आणि त्याचा भागीदार करत. केंदूर, राहू, दौंडच्या आसपासची गावं. घरी गाय आणि म्हैस दोन्ही असली की दोन पावत्या मिळतात, आणि दूध घेऊन येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. म्हणून त्याने पावतीच्या माथ्यावर चित्र आणलं. गाईच्या पावतीवर गाय, म्हशीच्या पावतीवर मागे वळलेल्या शिंगांची म्हैस.

त्या प्रिंटरला चित्र कळत नाही, आज्ञा कळतात. आधी एक आज्ञा, मग आकड्यांची रांग. प्रत्येक आकडा एका उभ्या ओळीतल्या ठिपक्यांपैकी काळे कुठले आणि कोरे कुठले ते सांगतो. असा एक पट्टा छापला की कागद सरकतो आणि त्याखाली दुसरा पट्टा येतो. मी शाळेच्या वह्या तपासत असे, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून तो चौकटीच्या कागदावर शिंगं भरायचा. एकदा मी म्हटलं, "ही म्हैस आहे की मिशा?" तो रुसला, आणि म्हैस पुन्हा काढली.

दशक्रियेला आमच्याकडे नदीवर भाषणं होतात. सरपंच बोलले, डेअरीचे चेअरमन बोलले, मग भागीदार उभा राहिला.

"हात चांगला होता त्यांचा. चित्राची आयडिया माझी, आकडे मी काढून दिले, त्यांनी बसवले."

पिंडाला अजून कावळाही शिवला नव्हता. लोकांनी माना डोलावल्या. मी बायकांत बसले होते. अशा वेळी बाईने उठून बोलायचं नसतं, म्हणून बसून राहिले. त्याचं वाक्य मात्र पाठ केलं.

पुढे त्याने सगळ्या केंद्रांसाठी नवा प्रोग्राम लिहून घेतला. चित्रांचे आकडे जुन्यातून उचलले. केंदूर माझं माहेर. तिथल्या केंद्रावर नारळ फोडला तेव्हा मी गर्दीत होते. पहिली पावती एका आजीच्या हातात पडली. म्हशीचे आडवे तुकडे झाले होते, मधे मधे कोऱ्या पट्ट्या.

"आरं, म्हस हाय का फणी?"

"नवीन मशीन हाय आजी, बसंल हळूहळू," भागीदार म्हणाला.

"बसंल कशी? आडवी कापलीस की तिला. चित्र तुझंच न्हवं का? मग कर की नीट!"

लोक हसले. वर्षभरात मला पहिल्यांदा बरं वाटलं.

नवऱ्याचा जुना प्रोग्राम मी घरी ओळीओळीने वाचला होता, धडा वाचावा तसा. चित्राच्या आधी त्यात एक आज्ञा आहे: कागद पट्ट्याच्या उंचीइतकाच सरकव, जास्त नको. ती स्वतः काहीच छापत नाही. कोऱ्या पट्ट्या पाहताच मला कळलं, बिनकामाची समजून भागीदाराने नेमकी तीच गाळली होती.

तो घरी आला.

"वहिनी, दादांनी काहीतरी वेगळं केलं होतं का हो?"

"चित्र तर तुमचं. तुम्हालाच ठाऊक."

"आता ताणू नका. लोक लई बोलत्यात."

"वर्षश्राद्धाला नदीवरची तीच माणसं येतील. त्यांच्यासमोर सांगा चित्र कुणाचं. काय राहिलंय ते तिथल्या तिथे लिहून देते."

"माणूस गेला, वहिनी. आता कशाला? गावात माझं तोंड काय राहील?"

"माणूस गेला म्हणूनच."

वर्षश्राद्धाला तो आला, जेवला, आणि चित्राचा विषय न काढता गेला.

म्हाताऱ्यांची पंचाईत होईल ही एकच चिंता मला होती. मी माहेरच्या, वाचता न येणाऱ्या शेजारणीला केंद्रावरच्या गाईच्या आणि म्हशीच्या दोन्ही पावत्या दाखवल्या. तिने म्हशीची बरोबर उचलली. तुटली तरी शिंगं ती शिंगंच. मग माझ्या मनात काही उरलं नाही.

ती आज्ञा प्रिंटरच्या खोक्यातल्या माहितीपुस्तकातही छापलेली आहे. तो ते उघडत नाही. मी सांगणार नाही.

नवऱ्याचा जुना प्रिंटर माझ्या टेबलावर आहे. त्यावर म्हैस अखंड छापते. केंद्रांवर ती तुटकी छापते, आणि लोक भागीदाराला विचारतात.