पेटीच्या झाकणाचा अॅम्प्लिफायर

"माझ्या पेटयेचा झाकण खंय आसा? मी काय इचारतंय? झाकण खंय आसा?"

हा आवाज माझ्या बायकोचा. पडवीत बिनझाकणाची पेटी, पेटीत तिच्या साड्या उघड्या बोडक्या, आणि पेटीसमोर कमरेवर हात ठेवून ती. झाकण त्या वेळी मागच्या दारी चिऱ्याच्या पायरीवर आडवं पडलं होतं. त्यावर मी बसलो होतो आणि माझ्या हातात करवत होती.

"गो, एवढी बोंबलतस कित्याक? पेटी आसा मा? झाकणच तर घेतलंय."

"झाकणच? तुमच्या डोक्यावरची टोपी काढून घेतलंय आणि झाकणच घेतलंय म्हटलंय, तर चलात?"

तिची बाजू मांडायची, तर पेटी माहेरची होती. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली, निळ्या रंगाची. सासरे रेडीचे. खनिजाच्या बोटीवर काम करणाऱ्या दोस्ताने त्यांना पत्रा आणून दिला होता म्हणे. बोट बुडाली तरी पत्रा तरंगला, असं ते सांगायचे. लोखंड कसं तरंगलं, ते सासऱ्यांना विचारायचं नसतं.

आता माझी बाजू. मी हायस्कुलात प्रयोगशाळेचा शिपाई होतो. सगळा गाव मला मास्तर म्हणतो आणि मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी इतकी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो की शेवटी व्हिडिओवालेच चुकतात असं माझ्या लक्षात येऊ लागलं. अशा वेळी देवळाच्या भजन मंडळाचा अॅम्प्लिफायर खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकला. आमच्याकडे खारा वारा लोखंडाला असा खातो, जसा जावई तळलेल्या सुरमईला. वर्धापनदिन पंधरा दिवसांवर. बुवा म्हणाले, भाड्याने आणू. आणि मी सगळ्या मंडळासमोर बोलून बसलो, "भाड्याचो कित्याक? मी करतंय. असो करतंय की भजन हय आणि टाळी गोव्यात!"

ट्रान्सफॉर्मर कणकवलीहून आणला. मांडीवर घेऊन एस.टी.ने आलो तर दोन दिवस मांडीवर त्याचा चौकोन उमटलेला. सुट्टे भाग आले, सर्किटची पाटी जोडली, सगळं झालं. राहिली ती हे सगळं आत बसवायची पेटी. बाजारात मिळणारा पत्रा पापडासारखा. त्याची पेटी केली असती तर मृदंग वाजायच्या आधी तीच थरथरली असती. पत्रा हवा जाडजूड, जुना, खानदानी. घरभर नजर फिरवली, आणि खानदानी वस्तू एकच दिसली.

बायको पायरीपाशी येऊन उभी राहिली. मी तिला गार करायला म्हणालो, "झाकणाचा सोना होतला बघ. देवळातसून तुझ्या चुलीपर्यंत आवाज इलो नाय, तर नाव बदलीन."

"नाव काय करूचा आसा? आवाज माझ्या रांदपाच्या खोलयेत इलो नाय, तर माका कपाट हाडूचा. लोखंडी. आरशाचा."

"हाडलंय म्हणान समज."

हरलो तर आरशाचं कपाट आणायचं; पण देऊळ आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. मला वाटलं, पैज जिंकल्यातच जमा.

पुढचे आठ दिवस मी तो पत्रा कापला, चिऱ्याच्या कडेवर लाकडाचा ठोकळा लावून वाकवला, हवेसाठी भोकं पाडली. कोपरे एवढे काटकोनात आले की शेजारचा गवंडी येऊन मान खाली घालून गेला. मग केलं रंगकाम. आणि इथेच मी माती खाल्ली, पण ते कळायचं होतं.

आमच्या किनाऱ्यावर लोखंडाची वस्तू म्हटली की पहिलं काम रंग. होडीचा नांगर असो, खिडकीचे गज असोत, रंग आतून, बाहेरून, वरून, खालून. तसा मी निळा ऑइलपेंट घेतला आणि पेटीचा तळ, झाकण, सांधे, स्क्रूची भोकं, सगळ्यांना दोन-दोन हात दिले. खाऱ्या वाऱ्याला बोट शिरवायला जागा ठेवली नाही. रंग सुकला त्या दिवशीच वर्धापनदिन. घरी चाचणी घ्यायला वेळच नव्हता, आणि खरं सांगू का, गरजही वाटली नाही.

दुपारी देवळात गर्दी. बुवा पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर. माझी पेटी खांबाला टेकून. मी बटण दाबलं.

घूंऽऽऽऽऽ.

असा घुमला की पिंपळावरचे कावळे उठून बांद्याच्या दिशेने गेले. घंटा न वाजवता वाजू लागली. माइक बंद केला, घूं. वायर काढली, घूं. बुवांनी डोळ्यांवरचा चष्मा वर केला.

"मास्तरांनू, ह्या भजनाचा मशीन की ट्रॉलराचा?"

सगळं देऊळ हसलं. मी झाकणावर हात ठेवला की घूं कमी व्हायचा, काढला की परत. म्हणजे आता मी भजन संपेपर्यंत झाकणावर हात ठेवून उभा राहणार की काय? डोळ्यांसमोर कपाट दिसू लागलं, आरशासकट. आरशात माझं तोंड.

तेवढ्यात गावकर पुढे आले. गावकर म्हणजे देवापुढे सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारे मानकरी. वय ऐंशीच्या पुढे, आवाज असा की ते घरात खोकले तर शेजारच्या वाडीत चहा टाकतात.

"मशीन हाडलंस, गाऱ्हाणा घातलंस?"

"नाय."

"मगे तो घुमतलोच! नारळ हाडा रे."

नारळ आला. गाऱ्हाणं सुरू झालं, आणि तोवर मी वायर परत जोडून माइक चालू केला होता.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या ह्या लेकरान, अक्कल थोडी आणि उत्साह फार, अशी ही निळी पेटी तुझ्या दारात हाडून ठेवली हा. तिच्या पोटातली गुरगुर काढून टाक म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"बायलेची पेटी फोडून केल्यान, ता तेका माफ कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हा जरा जास्तच मोठ्याने. बातमी गावभर पोचली होती तर.

आता नारळ फोडायचा. देवळात नवी फरशी बसवलेली. कमिटीचे लोक एकदम पुढे झाले, "गावकारांनू, फरशेर नको!" गावकरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कठीण वस्तू जवळ एकच होती. मी "थांबा!" म्हणेपर्यंत नारळ माझ्या पेटीच्या कोपऱ्यावर आपटला.

फाट्कन नारळ फुटला. आणि घूं थांबला.

देऊळ इतकं शांत झालं की नारळाचं पाणी फरशीवर टिपटिपताना ऐकू आलं, तेही स्पीकरमधून. मग जो "होय म्हाराजा!" झाला, त्याने बंदरात नांगरलेल्या होड्या एक वाव, म्हणजे चार हात, पुढे सरकल्या असं मी सगळ्यांना सांगतो, आणि अजून कोणी खोटं पाडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडून पाहिलं. कोपरा चेपला होता आणि तेवढ्या जागी रंग उडून झाकणाचा पत्रा तळाच्या पत्र्याला उघडा लागला होता. मी रंगाच्या दोन हातांनी झाकण अर्थिंगपासून तोडून टाकलं होतं. नारळाने जोडून दिलं. मी गुपचूप प्रत्येक स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला. गावाला हे सांगितलेलं नाही. गावकरांचा मान कमी करून मला काय मिळणार? आणि माझाही झालाच असता.

पण त्या वर्धापनदिनी भजन संध्याकाळपर्यंत असं रंगलं की बुवांनी उठून माझ्या पाठीवर थाप मारली. मी छाती काढून घरी आलो. मे महिन्याची उकड, आणि बघतो तर स्वयंपाकघराच्या तिन्ही खिडक्या बंद, कड्या लावलेल्या. आत मिक्सरमध्ये वाटप गरगरतंय. बायकोच्या कपाळावरून घामाच्या धारा.

मी मिक्सर बंद केला. म्हटलं, "गो, सगळ्या गावान आयकलो! वाडयेतली म्हातारी, जिका आयकाक येणा नाय, ती पण आयकान इली! बंदरावरचे आयकले! तू खरा सांग, आयकलंस की नाय?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि मिक्सरचं झाकण घट्ट केलं.

"कपाट निळ्या रंगाचा हाडा."