म्युझियममधल्या पाळण्याचे पाठभेद

या गोष्टीचे तीन पाठ सध्या हैदराबादेत फिरत आहेत. जामबाग मोहल्ल्यातल्या पाठात रिकाम्या पाळण्यातून बाळाच्या रडण्याचा आवाज येतो. पुण्या-मुंबईहून आयटीच्या नोकऱ्यांसाठी आलेल्या कुटुंबांत जो पाठ रूढ झाला आहे, त्यात आवाज नाही. त्याऐवजी म्युझियमच्या अधिकारी बाई बेशुद्ध पडतात. बेगम बाजारातला पाठ सर्वांत आटोपशीर आहे. तिथे सांगणारा ऐन वेळी थांबतो आणि गिऱ्हाइकाकडे वळतो.

मी तिथे होतो, म्हणून चौथा पाठ नोंदवणे भाग आहे. अर्थात, प्रत्यक्षदर्शी माणूसही एक पाठच सांगत असतो. चार माणसे दर रविवारी एकत्र बसू लागली की आधी ओळखी होतात, मग भांडणे होतात, आणि दोन्ही विसरली गेल्यावर जे उरते ते किस्सेच!

आमच्या मराठी मंडळाने तरुणांसाठी एक लेखनवर्ग काढला होता. शहरातल्या एका जुन्या म्युझियमच्या दालनात बसायचे, एक वस्तू निवडायची आणि तिच्यावर कविता किंवा गोष्ट लिहायची. वर्ग सुषमाताई चालवत. त्या निवृत्त शिक्षिका. लोककथा हा माझा विषय असल्याने मलाही त्यांनी बोलावून घेतले. नियम एकच होता: लिहून होईपर्यंत वस्तूशेजारची पाटी वाचायची नाही.

*

या नियमाचा पहिला बळी वैदेही. पुण्याची, कॉलेजात शिकणारी, मराठी चोख आणि त्याची स्वतःला पुरेपूर जाणीव. तिने एका व्यक्तिचित्रावर कविता लिहिली. गळ्यात मोत्यांचे सर, हातात गुलाब, नजर खिडकीबाहेर. कवितेत ती राणी राजाची वाट पाहत होती. आम्ही सगळे गंभीर झालो.

मग पाटी वाचली. चित्र एका जहागीरदाराचे होते, आणि जरा नीट पाहिल्यावर मिशाही दिसल्या!

वर्ग हसला. वैदेहीने कागदाची घडीसुद्धा केली नाही.

"मग काय झालं? पुरुष वाट पाहत नाहीत?"

सुषमाताई म्हणाल्या, "पाहतात गं. पण गुलाब घेऊन इतका वेळ नाही बसत."

*

नागेश हा बेगम बाजारचा. त्याचे घराणे जुन्या हैदराबाद संस्थानातले, मूळचे शेतकरी. त्याचे शिक्षण तेलुगू माध्यमात झाले. मराठी घरी बोलतो, पण देवनागरी वाचताना अडखळतो. पहिल्याच रविवारी त्याने स्वतःची ओळख करून दिली. "मी नागेश. गोष्टी सांगायची लई हौस है. लिवायची सवय नव्हती, आता लावून घेतो."

वैदेहीने विचारले, "हे मराठी आहे?"

"तुमच्या घरी दुसरं असतंय काय?" नागेशने शांतपणे विचारले.

त्याने पहिली गोष्ट लिहून दाखवली तेव्हा खरी अडचण कळली. भाषा मराठी होती, अक्षरे तेलुगू! सुषमाताईंनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"पस्तीस वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "पण लाल पेन हातात असून काही करता येत नाही, असं आजच झालं."

तेव्हापासून नागेशच्या गोष्टी तो वाचून दाखवी आणि आम्ही ऐकत असू. माझ्या मते त्या गोष्टींचे त्याने काहीच बिघडले नाही.

*

मग नागेश येईनासा झाला; वडिलांनी त्याला रविवारीही दुकानात बसवले होते. सुषमाताई आणि मी त्याच्या दुकानात गेलो. दुकान पाटे-वरवंटे, खलबत्ते आणि उखळींचे. त्याचे वडील माणिकराव एका पाट्याला टाकी लावत बसले होते. दगडावर छिन्नीचे घाव एका लयीत पडत होते.

"म्युझियमात जुन्या वस्तू फुकट बघू देतात का, सर?" त्यांनी मला विचारले.

"तिकीट असतं."

"न विकायच्या मालाला तिकीट!" छिन्नी थांबली. "अन् आमच्याकडं लोक विकायचा माल फुकट बघून जातात!"

सुषमाताईंनी नागेशची बाजू मांडली. माणिकरावांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि तोड काढली. म्युझियम एकच रचना निवडणार होते आणि ती वर्गाच्या शेवटच्या रविवारी लोकांसमोर, त्या वस्तूपुढेच वाचली जाणार होती. ती रचना नागेशची असली तर त्याने पुढेही खुशाल लिहावे. नसली तर रविवारी गल्ल्यावर बसावे, कायमचे.

"बापू, पण—" नागेश म्हणाला.

"पण कामून? तुला येतंय तर दाखव की."

*

नागेशने पाळणा निवडला. लाकडी, रंगीत लाखकामाचा, पितळी साखळ्यांनी चौकटीला टांगलेला. भोवती दोरी. नेमकी त्याच्यावर एसीची जाळी होती, त्यामुळे तो दिवसभर हळूहळू हलत असे.

रिकामा पाळणा हलवला तर बाळाचे पोट दुखते, ही समजूत दूरवर पसरलेली आहे. तिचा उगम मला सांगता येणार नाही. परंतु त्या पाळण्यापुढून जाणाऱ्या बायका नजर वळवतात, हे नागेशने माझ्या आधी हेरले होते.

त्याची गोष्ट अशी. नामपल्लीत एक म्हातारा राहतो. त्याचे पोट कळायला लागल्यापासून दुखते. डॉक्टर, हकीम, वैद्य, सगळे झाले. कोणालाच काही सापडत नाही. एकदा पाहुण्यांना घेऊन तो म्युझियममध्ये येतो आणि त्याला त्याचा लहानपणीचा पाळणा दिसतो. रिकामा, आणि हलणारा! तो पहारेकऱ्याला म्हणतो, "तेवढा थांबवा हो." पहारेकरी म्हणतो, "हात लावायची परवानगी नाही." म्हातारा पोट धरून घरी जातो.

वैदेहीने त्याच्या कागदाची मागची बाजूही पाहिली. मग म्हणाली, "शेवट नाहीये याला."

"आहे की. तो घरी गेला."

*

निवड पद्मजा गारूंच्या हातात होती. त्या म्युझियमच्या अधिकारी, घरची भाषा तेलुगू; 'गारू' हा त्या भाषेतला 'बाई'सारखा आदराचा शब्द. मराठी त्यांना येत नव्हती. सगळ्यांच्या रचना त्यांना हिंदीतून सांगायचे काम वैदेहीकडे आले, आणि तिची स्वतःची रचनाही त्यांत होती. नागेशने त्याच दिवशी आशा सोडली.

वैदेहीने त्याची गोष्ट सांगितली. एक शब्द गाळला नाही. उलट म्हाताऱ्याच्या कण्हण्याचा आवाजही काढून दाखवला!

पद्मजा गारूंनी चष्मा काढला. "ये स्टोरी है कि एसी की कंप्लेंट है?"

"स्टोरी है, मॅडम."

"एसी बंद नहीं होगा. पुरानी चीज़ों को ठंडा रखना पड़ता है." मग त्यांनी चष्मा परत लावला. "हमारे घर में भी खाली नहीं हिलाते."

सुषमाताईंनी त्यांना आमची पद्धत सांगितली. बारशाला रिकाम्या पाळण्यात एकदम बाळ घालत नाहीत. आधी वरवंट्याला झबले-कुंची घालून निजवतात, मग बाळाची पाळी.

"म्हणजे माझ्या आधी दगड?" वैदेही किंचाळली.

"फोटो बघ घरी जाऊन. जहागीरदारासारखा सजवलेला असेल!"

निवड नागेशचीच झाली.

*

वाचनाच्या रविवारी दालन भरले होते. माणिकराव इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या भिंतीशी उभे राहिले. नागेशने तेलुगू अक्षरांतली मराठी खणखणीत वाचली. मागे पाळणा हलत होता आणि लोक गोष्टीपेक्षा त्याच्याकडेच पाहत होते. "म्हातारा पोट धरून घरी गेला," हे शेवटचे वाक्य संपले, तरी टाळ्या लगेच पडल्या नाहीत.

त्या शांततेत माणिकरावांचा आवाज आला. "पुढं?"

"पुढं काय न्हाई, बापू."

"म्हंजे त्याचं दुखतच ऱ्हायलं?"

"हौ."

"असं मधीच कसं सोडतोस रे माणसाला?"

"पहारेकरी हात लावू देत न्हाई ना."

"मी गोष्ट म्हणलो होतो," माणिकराव म्हणाले. "अर्धी मी न्हाई धरत. पुढच्या रविवारी दुकानात ये."

मग टाळ्या पडल्या. नागेशने कागद खिशात घातला आणि वडिलांच्या मागोमाग बाहेर गेला. वैदेहीने मला विचारले, "सर, हे असं चालतं?" लोककथांत चालते, एवढेच मला सांगता आले.

*

पुढच्या रविवारी वर्ग नव्हता. आमची चार माणसे आपले कागद न्यायला सकाळीच म्युझियममध्ये जमली होती. नागेश आमच्याही आधी येऊन पायरीवर बसला होता.

"दुकान?" वैदेहीने विचारले.

"बापूच म्हणले, जा. लिव म्हणले." तो स्वतःच गोंधळलेला दिसत होता. "काल दुपारी दुकान माझ्यावर टाकून कुठं गेले की. आले अन् गुमान जेवले."

आत पाळण्याच्या दालनात पहारेकरी यादगिरी दोरीपाशी उभा होता आणि पद्मजा गारू त्याच्या शेजारी. एसी चालू होता. पाळणा हलत नव्हता.

"कॅमेरा देखूँ, मॅडम?" यादगिरीने विचारले.

"रहने दो."

"निकालूँ?"

पद्मजा गारूंनी मान हलवून नाही म्हटले. नागेश दोरीपर्यंत गेला आणि वाकून पाहू लागला. आम्ही त्याच्या मागे उभे राहिलो.

पाळण्यात ताजी टाकी लावलेला एक वरवंटा निजवलेला होता. अंगात झबले होते, आणि डोक्याला कुंची बांधली होती.