डावीकडची सारंगी

मनोहर गेल्याचं मला त्याच्या भावानं फोनवर सांगितलं. नांदुऱ्याच्या बाजारात आमची दुकानं समोरासमोर. त्याचं किराण्याचं, माझं धान्याचं. हृदयविकाराचा झटका, म्हणाला. मी शटर ओढलं आणि गेलो. सगळं रीतसर केलं... पण आज लिहितोय ते दुःखाचं नाही. मला त्याचा राग आलाय, आणि तो कुणाजवळ बोलता येत नाही.

भाच्यानं मला पुण्याहून भारीतला हेडफोन आणून दिला होता. मोबाइलला लावला तर आवाज मेल्यासारखा. मनोहर हसला. "मोबाइलले काऊन बैलगाडी ओढाले लावतं बे? याले ताकद पाह्यजे." त्याच्या दुकानावरच्या माडीवर जुना स्टिरिओ रिसीव्हर होता. लाकडी बाजू, पिवळ्या उजेडाची डायल, एकट्याला उचलवणार नाही असं वजन. मोठे स्पीकर हलवणारी त्याची ताकद पुढच्या भोकातून हेडफोनलाही मिळायची. मोबाइल मागून वायरनं जोडला, पुढे हेडफोनची पिन खोचली आणि गाणं अक्षरशः उभं राहिलं.

तेव्हापासून हेडफोन तिथंच राहिला. दुपारी बाजार सुस्तावला की आम्ही माडीवर. हेडफोन एक, माणसं दोन. आधी तो ऐकायचा. अर्धं गाणं झालं की हेडफोन फिरवून उलटा घालायचा, डावं उजवीकडे. मी चिडवायचो. तो म्हणायचा, "दोन्ही बाजूनं ऐकावं मानसानं." मग डोळे मिटून, "गानारा कसा मधोमध येऊन बसला, पाह्य." मी ऐकायचो, आणि खरंच मधोमध असायचा. ऐकायला मला त्यानंच शिकवलं, असं मी लोकांना सांगत आलो.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. रिसीव्हर तुम्हीच न्या, म्हणाल्या. मी वायरी काढत असताना सहज बोलून गेल्या, "त्याईचा डावा कान लहानपणापासूनच बंद होता. तुमाले त माहीतच असन, भाऊजी."

मी "हो" म्हणालो.

भावाला माहीत, बायकोला माहीत, दुकानातल्या नोकरालाही माहीत. तो बोलणाऱ्याला नेहमी उजवीकडे घ्यायचा, हेडफोन फिरवून डावी बाजूही उजव्याच कानाला लावायचा, हे मी रोज पाहत होतो. एका कानाच्या माणसाला गाणारा मधोमध कसा ऐकू येईल? इतकी वर्षं तो माझ्यासमोर डोळे मिटून खोटं बोलला. मला सांगितलं असतं तर मी काय हसलो असतो?

इथं मला थांबावं लागतं... कारण शेवटच्या दुपारी त्यानं विचारलं होतं. एक गाणं दोन्ही बाजूंनी ऐकून झाल्यावर हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवत म्हणाला, "दोन्हीकडचं एकदम कसं वाटते, सांग ना मले." मला समोर माझ्या दुकानात गिऱ्हाईक दिसत होतं. मी म्हणालो, "तुले कान नाहीत काय बे?"  त्यानं रिसीव्हरचा आवाज शून्यावर आणला, बटण बंद केलं. मी जिना उतरलो.

रिसीव्हर आता माझ्या धान्याच्या दुकानात, गादीमागे आहे. बरेच दिवस पिन खोचली नाही. परवा खोचली, त्या शेवटच्या दुपारचंच गाणं लावलं. अर्ध्यावर आल्यावर हात आपोआप हेडफोन फिरवायला गेला. मी हेडफोन न फिरवता तसाच धरून ठेवला.

"डावीकडे सारंगी आहे, मनोहर," मी म्हणालो. "उजवीकडे तबला. आणि तू म्हणायचा तसाच, गानारा मधोमध."

गिऱ्हाईक उभं होतं. उभं राहू दिलं.