छातीतली आग आणि पिशवीतल्या गोळ्या

औषधाच्या पट्टीवर मुदत छापलेली असते, किश्शांवर नसते. म्हणून ते साठत जातात. लातूरच्या आमच्या मेडिसिन ओपीडीत मी पदव्युत्तर शिक्षण घेतो. गेल्या वर्षी आम्हाला शिकवणाऱ्या सरांची नांदेडला बदली झाली, तरी त्यांचा दंडक अजून कानात आहे. छातीत जळजळ म्हणणाऱ्या प्रत्येकाने घरातल्या सगळ्या गोळ्या आणायच्या. "आधी पिशवी उलटी करा, मग बोला!"

एकदा क्लाससाठी लातुरात राहणारी मुलगी आली. घास गिळताना छातीत दुखत होते. वडील म्हणाले, "परीक्षेचं टेन्शन!" पिशवीतून निघाल्या मुरमांच्या कॅप्सूल.

"पाण्याबरोबर घेतेस?"

"नाही सर, पडल्या पडल्या गिळते. पाण्याला उठलं की झोप मोडते!"

सर वडिलांकडे वळले. "परीक्षेला बोल लावू नका. कॅप्सूल अन्ननलिकेतच मुक्कामाला आहे!"

शिरूर अनंतपाळच्या एका काकांची जळजळ बीपीच्या गोळीने वाढत असावी, असा सरांना संशय आला. काही जणांत तसे होते. सरांनी गोळी बदलून दिली. पुढच्या भेटीत काका खूश.

"जुन्या गोळ्यांचं काय केलंत?"

"वाया कशाला घालू? बायकोला द्यायलोय! आता तिलाबी जळजळ व्हायलीय!"

सरांनी कपाळाला हात लावला आणि आधी सोबत आलेल्या काकूंचे बीपी मोजले.

मुखेडचे निवृत्त गुरुजी मात्र रिकामी पिशवी घेऊन येत. ते बुद्धविहारात गाणी म्हणत. जळजळ घशापर्यंत चढून आवाज पार बसला होता आणि नातीचे लग्न तीन महिन्यांवर आले होते. "आजोबा, गाणं तुमचंच," असा तिचा हट्ट.

"साहेब, जेवण सुटलं तरी चालंल, गाणं सुटू नये. पर गोळी मी कसलीच घेत न्हाई."

सोबत आलेले त्यांचे मित्र शंकरराव सहज बोलून गेले, "चहाबरोबरची तेवढी."

उलगडा झाला तो असा. सकाळी पाच मित्र हॉटेलात जमत. चहाची पाळी ज्याची, त्यानेच सर्वांसाठी गुडघेदुखीची गोळी आणायची!

"गुरुजी, ते औषध नाही का?"

"औषध डॉक्टर देतो. ही शंकरराव देतो. न्हाई म्हणलं तर त्याला वाईट वाटतं!"

सरांनी जळजळ वाढवणारी ती गोळी थांबवली, गुडघ्यांसाठी वेगळा उपचार दिला. केवळ तेवढ्यानेच गुण आला, असे मी ठामपणे म्हणणार नाही. पोटाचे औषधही चालू होते, रात्रीचे जेवणही लवकर होऊ लागले होते.

तोवर सरांची बदली झाली होती; लग्नाला ते नांदेडहून आले, मी लातूरहून. मंगलपरिणयाचा विधी आटोपला आणि गुरुजींनी माईक घेतला. पहिली ओळ स्वच्छ लागली. दुसरीला ते थांबले. सर खुर्चीतून अर्धे उठले.

"गुरुजी, जळजळ?"

"न्हाई साहेब," माईकवरूनच उत्तर आले. "आवाज हाय. नातीकडं बघितलं अन् गळा दाटला. ह्याच्यावर हाय का एखादी गोळी?"

सरांनी चष्मा काढला.

"असली तरी देणार नाही! गा तुम्ही!"