पाहुण्याचा वाटा

माझी नोकरी वाचवली ती मेहकरच्या सरांनी, हे आधी सांगते. उंदराच्या हृदयाशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मी वरवट बकालची, सातवीत शाळा सुटलेली. पुण्याच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुताना रोज वाटायचं, आज आपल्याला काढतील. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "वरवटच्या का? मंग घरच्याच हा तुमी." तेव्हापासून बाकीच्यांशी इंग्रजी, माझ्याशी आणि उंदरांशी वऱ्हाडी. नमुन्यांच्या डब्यांचे नंबर ते उजव्या तळहातावर लिहायचे आणि पुसू नयेत म्हणून भाकरी डाव्या हातानं मोडायचे. भाकऱ्या चार लागत, आणायचे पाच. हृदयाची एक चकती लागली तर दुसरी कापून बर्फात ठेवायचे. "पाव्हना काई सांगून येते का, ताई?"

त्यांचं काम असं, की हृदयात नवं जनुक सोडायचं आणि ते तिथं कामाला लागलं का, हे कळायला सोबत एक खबऱ्या जनुक धाडायचं. खबऱ्या पोचला असेल तर रंगाच्या पाण्यात चकती निळी होते.

एकदा सरांना बैठकीला जावं लागलं. दोन चकत्या रंगाच्या पाण्यात घालून उबेच्या पेटीत ठेवायचं आणि दुपारी काढायचं काम माझ्याकडे आलं. काढल्या, तर एक निळीशार, दुसरी पांढरीफटक. रंग घालताना माझाच हात आखडला की काय, या भीतीनं जीव अर्धा झाला. पंगतीत एकाचंच पान रिकामं ठेवावं तसं वाटलं. पांढरीला रंगाचं ताजं पाणी घातलं आणि परत पेटीत ठेवली. सकाळी तीही निळसर. प्रयोगशाळेचे मोठे साहेब त्याच दुपारी बघायला येणार होते.

"दोघी बी रंगल्या, सर."

सरांनी ती निळसर चकती उजेडाला धरली. मग म्हणाले, "ताई, ही कोरी होती. हिच्यात खबऱ्या धाडलाच नोता. ही पांढरी राह्यली तरच त्या निळीवर कोनी इस्वास ठेवते."

"मंग मले काढतीन आता."

"काऊन? पांढरी राह्यली पाह्यजे, हे सांगतलंच नाई म्या. चूक माही." आणि बर्फाचा डबा उघडून हसले. "पाव्हन्याचा वाटा हाय ना."

कोऱ्या हृदयाची ती जास्तीची चकती रंगाच्या पाण्यात घातली, ती दुपारपर्यंत पांढरीच राहिली. सूचना आपणच अर्धी दिली होती, हेही सरांनी साहेबांना स्वतःहून सांगितलं. बिघडलेली चकती मात्र टाकताना थांबले. "लय येळ ठेवलं तं कोरं हृदय बी निळं पडते, ताई. त्याचंबी आतमंदी काई असतेच."

आता सर दूरदेशी आहेत. माझ्या डब्यात रोज एक भाकरी जास्त असते, संध्याकाळी ती मीच खाते. पण एक दिवस त्यांना वरवटला नेऊन, माझ्या चुलीपुढं बसवून, त्यांचा वाटा मी माझ्या हातानं वाढणार आहे.