न विचारता दिलेला हात

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे हरणी म्हणतात. पन्नाशी उलटली, दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा फुगल्या, तरी नाव तेच. साडी आज मिळेल का गं, असं विचारलं की म्हणते, "काकू, हरणीची आता गोगलगाय झालीय. उद्या न्या."

तरुणपणी ती लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. एका कापडगिरणीला आपल्या संघात धावणारी मुलगी हवी होती. शर्यत जिंकेल तिला कायमची नोकरी. हरणीची जिवलग मैत्रीण सगळ्यांच्या पुढे होती, हरणी तिच्या मागोमाग. शेवटच्या वळणावर मैत्रीण कोसळली. हरणी थांबली, तिला उठवलं, खांद्याला धरून रेषेपर्यंत आणलं आणि आधी तिलाच पलीकडे ढकललं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंचांनी दोघींनाही बाद केलं. पडलेली रांगत गेली तर चालतं, तिला दुसऱ्याने ओढत नेलेलं चालत नाही. नोकरी त्यांच्या मागून धावत आलेल्या तिसरीला मिळाली.

"तेल गेलं, तूप गेलं," हरणी सांगते, "हाती आली इस्त्री."

मैत्रिणीने मात्र तेव्हा हे हसण्यावारी नेलं नाही. "मी रांगत गेले असते," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिने हरणीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. आज ती पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत आया आहे.

त्याच शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी यंदा खेळांच्या बक्षीस समारंभाला हरणीला बोलावलं. खिलाडूवृत्तीवर दोन शब्द बोला म्हणाल्या.

"काकू, तिथे ती असणार. आता तरी बोलेल ना?"

"बोलेल गं," मी म्हटलं. पडलेल्याला हात द्यावा, हे आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं. त्याचा राग इतका टिकू शकतो, हे माझ्या मनाला पटतच नव्हतं.

समारंभाला मीही हरणीसोबत गेले. मैत्रीण पाणी देत फिरत होती. मला तिने ग्लास हातात दिला. हरणीपुढे टेबलावर ठेवला आणि पुढे गेली.

मुख्याध्यापिकाबाईंनी जुनी हकीकत रंगवून सांगितली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. हरणी उठली. मैत्रीण दारात उभी होती, तिकडेच बघत हरणी म्हणाली, "पोरींनो, पडलेलीला आधी विचारा, उचलू का म्हणून. मी विचारलं नव्हतं."

मुख्याध्यापिकाबाई गडबडून हसल्या. मैत्रीण आत आली, रिकामे ग्लास गोळा केले, हरणीचा भरलेला ग्लासही उचलला आणि निघून गेली.

परतताना हरणीने विचारलं, "तिला ऐकू गेलं असेल ना?"

"गेलं. दारातच तर होती."

"मग झालं."

जिन्याखाली येऊन तिने इस्त्री तापत ठेवली आणि गठ्ठ्यातून माझी साडी ओढून काढली. "थांबा काकू, आजच न्या. आता कशाला उद्यावर टाकू?"