अजून दोनच वर्षं, अप्पा

निघाले त्या दिवशी आईने हातावर दही ठेवलं आणि अप्पा बॅगा कशा बांधायच्या यावरून रिक्षावाल्याशी भांडत बसले. सांगली स्टेशनवर गाडी हलताना मात्र म्हणाले, "दोन वर्षं म्हणजे काय गं, दोन दिवाळ्या." मी मान डोलावली. खोटं बोलत नव्हते, तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

जर्मनीत आखनला शिकले, मग झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत लागले. लग्न झालं, ईरा झाली, तिकडे आई गेली. दोन वर्षं काही संपेनात. दर फोनला मी म्हणायचे, "अजून दोनच वर्षं, अप्पा." आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या खोलीत, मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत प्रत्येक वस्तूचं खोकं थर्माकोलसकट जपलेलं, परत जाताना सामान बांधायला हवं म्हणून. माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, हसू नका. तुमच्याही केलरमध्ये आहेत. ईराला मी त्या खोक्यांचं कारण सांगितलं, तेव्हा तिने जर्मनमध्येच विचारलं, परत म्हणजे कुठे? ती तर इथलीच होती.

माझ्या त्या एका वाक्यावर अप्पा सांगलीत एकटे राहत होते. आत्या पुण्याला बोलावून बोलावून थकली. पोरगी यायची आहे, घर बंद कसं ठेवू, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग एकदा ते न्हाणीत पडले आणि शेजाऱ्यांनी दार फोडेपर्यंत दोन तास तिथेच होते. त्यानंतरच्या फोनवरही मी तेच वाक्य म्हटलं.

त्याच सुमारास कंपनीने मला कोरियाला पाठवलं, बुसानमधल्या एका सप्लायरचं ऑडिट करायला. मधल्या रविवारी हॉटेलवाल्यांनी जर्मन बोलणाऱ्या गाइडबरोबर शहर दाखवायची सोय केली. मला खरं तर झोपायचं होतं, पण नाही म्हणायचाही कंटाळा आला. गाइड साठी ओलांडलेले, हातात पिवळी छत्री, नाव हेर पार्क, म्हणजे पार्कसाहेब. त्यांच्या जर्मनला चक्क आखनकडचा हेल होता. तरुणपणी तिथल्या कोळशाच्या खाणीत तीन वर्षांच्या करारावर गेले होते आणि तीस वर्षं राहिले.

मासळीबाजार, समुद्रालगत खडकावर बांधलेलं देऊळ, टेकडीवरचा मनोरा, सगळं त्यांनी घड्याळ लावून दाखवलं. मी निम्मा वेळ पेंगत होते. जेवणानंतर बस बंदरामागच्या एका चढावर थांबली. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसत्या उंच इमारती. हेर पार्कनी छत्री मिटली आणि सांगितलं की इथे त्यांचं घर होतं. दर पत्रात ते आईला लिहायचे, पुढच्या शरदात येतो. आई दर शरदात त्यांच्या रजईतला जुना कापूस काढून नवा भरायची. थंडीत एकटी खोकत बसायची, पण मुलीकडे राहायला जायची नाही. मुलगा आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? ती गेल्यावर हे परतले. यांची मुलं जर्मनीतच राहिली.

बसमधल्या एका बाईंनी विचारलं, पश्चात्ताप होतो का.

"आल्झो," अस्सल जर्मन माणसासारखी सुरुवात करत ते म्हणाले, "गेलो त्याचा नाही होत. येतो येतो म्हणत राहिलो त्याचा होतो. एकदा नाही म्हटलं असतं, तर शेवटची वर्षं ती बहिणीकडे उबेत राहिली असती."

मग छत्री उघडून पुढच्या ठिकाणाची माहिती सांगायला लागले. मला त्यांचा भयंकर राग आला. सहलीला आलेल्या माणसांना असलं कुणी सांगतं का? पुढे काय काय बघितलं ते मला आठवत नाही.

संध्याकाळी हॉटेलवरून फोन लावला. सांगलीत दुपार होती, अप्पा नुकतेच जेवून उठले होते.

"अप्पा, मी परत राहायला येणार नाही," मी म्हटलं. "दोन वर्षांनी नाही आणि नंतरही नाही. तुम्ही आत्याकडे जा."

"तुझ्या कपाटातल्या पुस्तकांचं काय करू?" एवढंच अप्पांनी विचारलं. आठवड्याभरात पुण्याला गेले.

आता सांगलीचं दार बंद आहे. झिंडेलफिंगेनच्या दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, पण 'घरी पोचले' म्हणताना अजून जीभ अडते. अप्पांचं वजन वाढलंय, आत्याशी पत्ते खेळतात, हरले की चिडतात. मला हायसं वाटायला हवं. पण बऱ्याचदा नुसता थकवा येतो, लांबचा प्रवास करून आल्यासारखा.

मागच्या उन्हाळ्यात भेटायला गेले तेव्हा न राहवून विचारलं, इतकी वर्षं तुमचा खरंच विश्वास होता का, मी येईन म्हणून. अप्पा पत्ते पिसत होते. मान वर न करता म्हणाले,

"नव्हता गं. पण तू नाही म्हणेपर्यंत कुलूप कसं लावायचं?"